मडीचं पाणी

आमच्या घरात संशयाला फार मान होता. दूध आलं की अण्णा त्याचा एक थेंब नखावर सोडून बघत आणि मगच भांडं आत जाई. तांदूळ आणले की मूठभर उजेडात धरून खडे शोधत. तुपाचा वास दोनदा घेत, एकदा डबा उघडल्यावर आणि एकदा तूपवाला गेल्यावर. तूपवाला समोर उभा असताना आपलं नाकसुद्धा भिडस्त होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. चामराजपेटेतल्या आम्हा जुन्या मराठी घरांत वडलांना अण्णा म्हणतात आणि वयाने मोठ्या कुठल्याही बाईला अक्का. आमचे पूर्वज इथे कधी आले ते कुणालाच नीट सांगता येत नाही, पण आल्यावर त्यांनी आपल्या मराठीत कानडी शब्द बिनदिक्कत मिसळले. बदली होऊन आलेली पुण्याची मंडळी आमचं बोलणं ऐकून हसतात. त्यांचं निम्मं इंग्रजी ऐकून आम्हीही हसतो, फक्त ते गेल्यावर.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. आई जाऊन काही वर्षं झाली होती, अण्णा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि मी विम्याच्या एका कचेरीत काम करत होते. घरात आम्ही दोघंच. निवृत्त झाल्यावर अण्णांनी आमच्या आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या मराठी घरांसाठी एक पानी पत्रक काढायला सुरुवात केली. ते महिन्यातून एकदा निघायचं. कुणाला नातू झाला, कुणाची मुंज ठरली, कुणाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने जागा आहे, कुणाचा पोपट उडाला, अशा बातम्या असायच्या. अण्णा टोकदार लेखणीने स्टेन्सिल कोरायचे आणि आमच्या पडवीतल्या जुन्या सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढायचे. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं, पण तिथे दिलं तर दुकानदार बातम्या आधी वाचेल, अशी त्यांना शंका होती.

पत्रकाच्या शेवटी ‘घर आणि आरोग्य’ नावाचा मजकूर असे. जमिनीखालची पाण्याची टाकी पावसाळ्याआधी धुवून घ्यावी. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. धान्यात कडुलिंबाचा पाला घालावा. आणि दर अंकात, अगदी नेमाने, पिण्याचं पाणी चांगलं खळखळून उकळावं. लोक बातम्या वाचायचे आणि हा मजकूर सोडून द्यायचे, हे अण्णांना ठाऊक होतं. म्हणून रस्त्यात कुणी भेटलं की ते विचारत, ‘पाणी उकळता ना?’ लोक हो म्हणत. अण्णांचा विश्वास बसत नसे.

आणि हे अण्णा स्वतः मात्र विहिरीचं पाणी न उकळता पीत.

आमच्या परसात, मागच्या भिंतीला लागून, एक लहानशी विहीर होती. मडीचं पाणी तिथलं. मडी म्हणजे सोवळं. हा कानडी शब्द आमच्याकडे इतका रुळला होता की सोवळं म्हटलं तर आम्हालाच परकं वाटे. अण्णा सकाळी आंघोळ करून, ओल्या पंच्याने स्वतः बादली ओढत. ते पाणी देवाला आणि त्यांना. नळाचं पाणी त्यांना चालत नसे, कारण नळात चामड्याचा वायसर असतो. एकदा नळ दुरुस्त करणाऱ्याने नळ उघडून त्यांना रबराचा वायसर दाखवला. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, ‘चामड्याचा काढून खिशात घातला असणार.’ मी नळाचं पाणी उकळून प्यायचे. अण्णांच्या मते उकळायचं ते पाणी नळाचं. मडीचं पाणी मुळातच शुद्ध, त्याला आणखी शुद्ध काय करायचं?

आई गेल्यापासून सणावाराला आमच्याकडे एक अक्का स्वयंपाकाला यायच्या. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत त्या आणि त्यांची मुलगी राहत. नवरा मुलगी लहान असतानाच वारला होता. मुंज, बारसं, श्राद्ध, काही असलं की चामराजपेटेतली निम्मी मराठी घरं त्यांना बोलावत. त्यांचं घर त्याच हातांवर चालायचं, दुसरं काही नव्हतं. मुलगी कॉलेजात जायची आणि सुट्टी असली की आईच्या हाताखाली कामाला यायची. अक्का बोलायच्या कमी. आईनंतर आमच्या स्वयंपाकघरात आईसारखा वास फक्त त्यांच्यामुळे येई, आणि त्यासाठी मला त्या फार आवडत.

रामनवमीला आमच्या दारात पानक वाटायची रीत आजोबांच्या वेळेपासूनची. गूळ, लिंबू, वेलची आणि सुंठ घातलेलं गार पाणी. आमच्याकडे त्याला पानकच म्हणतात. सोबत भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोशिंबीर. येणारा-जाणारा थांबून एक पेला घेई, शेजारची मुलं तीन-तीनदा येत. त्या वर्षीही अक्का आणि त्यांची मुलगी पहाटे आल्या. मी मात्र ऑफिसला गेले होते. संध्याकाळी आले तेव्हा तळाशी उरलेलं पानक माझ्यासाठी ठेवलेलं होतं, ते मी उभ्याउभ्याच पिऊन टाकलं.

रामनवमीला महिना होत आला आणि गल्लीत काविळीचा पहिला रोगी निघाला. ती अक्कांची मुलगी होती. मग समोरच्या घरातली दोन मुलं. मग कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून, तिला दिवस गेलेले, त्यामुळे सगळे फारच घाबरले. दर दोन-तीन दिवसांनी कुणाचे तरी डोळे पिवळे झाल्याचं कानावर यायचं. घराघरात भुईआवळ्याचा रस सुरू झाला आणि घराघरात चौकशी.

संशय घ्यायला आमची गल्ली अण्णांकडून शिकली होती की अण्णा गल्लीकडून, हे सांगणं कठीण आहे. आधी दूधवाल्यावर आला. मग बस थांब्याजवळच्या गोबी मंचुरियनच्या गाडीवर. मग पुण्याहून आलेल्या भाडेकऱ्यांवर, कारण ते नवे होते. पण आजारी पडलेली मुलं वेगवेगळ्या ठिकाणचं दूध प्यायची, आणि कोपऱ्यावरच्या सूनबाईंनी गोबी मंचुरियन कधी खाल्लंच नव्हतं, निदान सासूसमोर तरी. सगळ्यांनी मिळून एकत्र खाल्लं असं काय, तर नुकतंच झालेलं समोरच्या घरच्या मुंजीचं जेवण. आणि ते जेवण केलं होतं अक्कांनी.

मग लोकांना एकेक आठवू लागलं. मुलगी घरी काविळीने पडलेली असताना ही बाई आपल्याकडे मुंजीला पुरण वाटत होती. कुणी म्हणालं, अक्कांचे डोळेही तेव्हा जरा पिवळटच होते. कुणी म्हणालं, त्यांनी हात पदराला पुसले होते. मुंजीच्या दिवशी यातलं कुणाला काही दिसलं नव्हतं, सगळ्यांनी पुरणपोळी दोनदा मागून घेतली होती.

त्या महिन्याच्या पत्रकात अण्णांनी ‘घर आणि आरोग्य’मध्ये लिहिलं: ‘बाहेरच्या हातचं अन्न घरात घेताना त्या हातांची आणि त्या घरातल्या आजाराची आधी चौकशी करावी.’ नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. मी छापलेला कागद वाचून म्हटलं, ‘अण्णा, हे अक्कांबद्दल आहे.’

‘मी कुठे नाव घेतलंय?’

‘ज्यांना कळायचं त्यांना कळेल.’

‘मग कळू दे. संशय घेतल्याने कुणी मरत नाही, न घेतल्याने मरतं,’ ते म्हणाले.

मला त्यांचा संताप आला. आमच्याकडे इतकी वर्षं जिने रांधलं, तिच्याबद्दल इतक्या सहज लिहिता येतं याचा संताप.

अक्कांची कामं एकेक करून थांबली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. बारसं पुढे ढकललंय असं सांगितलं जाई आणि त्याच दिवशी त्या घरासमोर दुसऱ्या आचाऱ्याची भांडी उतरत. एकदा भाजीवाल्याकडे मला त्या दिसल्या. मी जवळ गेल्यावर त्या बाजूला सरकल्या, जणू मीच त्यांना सरकायला सांगितलं होतं. ते मला फार लागलं.

त्या मुंजीतल्या मुलाची मावशी माझ्याच ऑफिसात होती. त्यांचं सगळं कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंदिरानगरात राहायचं आणि मुंजीला झाडून सगळे आले होते. मी तिला सहज विचारलं, तुमच्याकडे कुणाला कावीळ झाली का? ती म्हणाली, छे, सगळे ठणठणीत आहेत, उलट उरलेल्या पुरणपोळ्या घरी नेऊन दोन दिवस खाल्ल्या. मी दिवसभर तोच विचार करत बसले. जेवण तेच, मग इंदिरानगर सुटलं आणि चामराजपेट कशी आजारी पडली?

संध्याकाळी मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना विचारलं, आज खाल्लेल्या वाईट गोष्टीने कावीळ कधी होते? ते म्हणाले, ही कावीळ बहुतेक पाण्यातून येते आणि दिसायला महिनाभर तरी घेते. मुंजीला तर जेमतेम आठवडा झाला असताना रोगी निघायला लागले होते. मुलगी तर मुंजीआधीच पडली होती. मी मनात महिनाभर मागे गेले, आणि जिथे पोचले ते मला मुळीच आवडलं नाही.

पानक तर मीही प्यायले होते, मग मला कावीळ का झाली नाही, असं मी स्वतःला विचारत होते. म्हणून तेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘तुला होऊन गेलीय की. दुसरीत होतीस तू. तू आणि अण्णा एकाच वेळी पडला होतात, तुझी आई दोघांना रस पाजून थकली होती. ही एकदा झाली की परत होत नाही.’

तिथून मी घरी गेले नाही. गल्लीच्या टोकाला अक्कांकडे गेले. मुलगी खाटेवर बसून काहीतरी वाचत होती, चेहरा अजून उतरलेला. अक्कांनी मला बसायलाही सांगितलं नाही. मी उभ्यानेच विचारलं, ‘अक्का, रामनवमीला पानक कुठल्या पाण्याचं केलं होतं?’

‘कुठल्या म्हणजे? मडीच्या.’

‘उकळलं होतं?’

त्यांनी मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, ‘मी विचारलं होतं ग. अण्णा, स्वल्प उकळून गार करू का, म्हटलं. आमच्या घरी आम्ही उकळतोच, अण्णा दर वेळेला लिहितात ना. तर म्हणाले, मडीचं पाणी उकळायला ते काय नळाचं आहे?’

‘मग तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही?’

‘काय सांगू? रामाचं पानक वाईट होतं म्हणू? तुमच्या दारात उभं राहून? मग तर मला या पेटेत कुणी चुलीपाशी उभं करणार नाही.’ त्यांनी मुलीकडे बघितलं. ‘हिने त्या दिवशी लिंबं पिळता पिळता चार पेले प्यायले.’

आमच्या घरामागून एक अरुंद सफाईची गल्ली जाते. घराघरातल्या मोऱ्या आणि संडासांचे नळ तिच्यातून जातात. संक्रांतीच्या सुमारास तिथे कसल्यातरी केबलसाठी खोदाई झाली होती. पत्रकात अण्णांनीच तक्रार छापली होती की खड्डे नीट बुजवले नाहीत. मी नाकाला पदर लावून आत गेले. आमच्या भिंतीपाशी, विहिरीच्या बरोबर पलीकडे, माती ओली होती. त्या दिवसांत पाऊस नव्हता.

अण्णांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग ठरलेलंच उत्तर दिलं, ‘मी रोज पितो ते पाणी. मला काय झालं?’ मी आम्हा दोघांच्या जुन्या काविळीचं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, ‘डॉक्टर काय, काहीही सांगेल. आणि तू अक्कांच्या बाजूची.’ स्वतःच्या मुलीवरही त्यांनी संशय घेतला. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पण अण्णांचं एक होतं. दुसऱ्याच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता, तसा स्वतःच्या शब्दावरही फार काळ टिकत नसे. दुसऱ्या दिवशी ते फिनेलच्या बाटल्या घेऊन आले आणि मला न सांगता मागच्या गल्लीतल्या गटाराच्या चेंबरमध्ये ओतून आले. मला कळलं ते त्यांच्या धोतराच्या वासावरून. सकाळी त्यांनी आंघोळ केली, बादली ओढली आणि वास घेतला. ‘काही नाही,’ ते मोठ्याने म्हणाले. त्या दिवशी ते भलतेच खुशीत होते, त्यांनी जेवताना माझी चेष्टाही केली. त्याच्या पुढच्या सकाळी बादली ओढल्याचा आवाज आला आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी परसात गेले. अण्णा विहिरीच्या कठड्यावर ओल्या पंच्याने बसले होते. त्यांनी बादली माझ्याकडे सरकवली. मी वाकून वास घेतला. तूपवाला समोर नव्हता, तरी मला खोटं बोलावंसं वाटलं. पण वास फिनेलचाच होता, मी होकारार्थी मान हलवली.

पुढच्या महिन्याचं पत्रक ते दोन दिवस कोरत होते. आधी त्यांनी लिहिलं, ‘काही जुन्या विहिरींचं पाणी दूषित असण्याची शक्यता आहे.’ मी वाचून म्हटलं, ‘काही म्हणजे कुठल्या? नाव घ्या.’ ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी ते स्टेन्सिल फाडलं आणि नवं घेतलं. अंक निघाला तेव्हा ‘घर आणि आरोग्य’ पहिल्यांदाच पानाच्या वर होतं. ‘गल्लीतली कावीळ आमच्या घरच्या पानकाने झाली. ते आमच्या विहिरीच्या पाण्याचं होतं. अक्कांनी पाणी उकळू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हणालो.’ खाली अण्णांचं नाव. पहिली प्रत घेऊन ते स्वतः गल्लीच्या टोकाला गेले. अक्कांनी दारातच कागद वाचला, घडी केली आणि म्हणाल्या, ‘सरी अण्णा,’ म्हणजे ठीक आहे. यापेक्षा जास्त काही बोलणं झालं नाही, असं अण्णांनी मला सांगितलं, आणि एकदाच मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला.

अक्कांची कामं हळूहळू परत आली. कोपऱ्यावरच्या सूनबाई सुखरूप बाळंत झाल्या आणि बारशाला अक्काच होत्या. आमच्याकडे मात्र त्या पुन्हा स्वयंपाकाला आल्या नाहीत. अण्णांनी विहिरीवर पत्रा टाकला आणि नळाचं पाणी प्यायला लागले. उकळलेलं असलं तरी पिताना त्यांचा चेहरा कडू व्हायचा. संशय आता आमच्या घराभोवती फिरत होता. आमच्याकडे कुणी आलं की ‘पाणी नको, आत्ताच घेतलं’ म्हणायचं. गौरीच्या हळदीकुंकवाला बायकांनी माझ्या हातची डाळ पदरात बांधून घेतली, खाल्ली कुणी नाही.

मग पुन्हा रामनवमी आली. अण्णांनी ठरवलं, रीत मोडायची नाही. आदल्या दिवशी त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, गार केलं आणि पुन्हा उकळलं. मी या वेळी रजा घेतली होती. दारात टेबल मांडलं, पेले मांडले. लोक येत होते, नमस्कार करत होते आणि पुढे जात होते. कुणाला घाई होती, कुणाचा उपास होता, कुणाला सर्दी झाली होती. समोरच्या घरातली मुलं खिडकीतून बघत होती, आईने त्यांना बाहेर सोडलं नव्हतं. गूळ तळाशी बसत होता आणि अण्णा तो पुन्हा पुन्हा ढवळत होते. त्यांची मला इतकी कीव आली की वाटलं, पातेलं उचलून आत न्यावं.

उन्हं चढली तेव्हा अक्का आल्या, नवं लुगडं नेसून. मुलगी बरोबर होती. बाकीचे जिथून वळून जात होते तिथून त्या वळल्या नाहीत, सरळ टेबलापर्यंत आल्या. सगळी गल्ली बघत होती.

‘अण्णा, पाणी उकळलंय?’ त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

‘हो अक्का. दोनदा.’

अक्कांनी पेला घेतला आणि तिथेच उभं राहून, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. समोरच्या घराचं दार उघडलं, मुलं धावत सुटली. कोपऱ्यावरच्या सासूबाईही पुढे झाल्या. अण्णांनी दुसरा पेला भरला आणि अक्कांच्या मुलीपुढे धरला. मुलीने हात पुढे केला.

अक्कांनी तिचा हात अलगद मागे घेतला. ‘हिला नको,’ त्या हळूच म्हणाल्या, फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल एवढ्याच आवाजात.

अण्णांनी तो पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं.’